फौंड्री आणि मशीन शॉप मिळून जॉइंट व्हेंचर करायचं म्हणतात, फायदा नक्की कुठं होतो?

गोकुळशिरगावकर

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, वेळ काढून वाचा ही विनंती.

कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगाव एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे. वडिलांनी शिवाजी उद्यमनगरात दोन लेथवर सुरू केलेलं, आता तीन व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी मिलिंग मशीन), चार सीएनसी टर्निंग आणि एक जुनं रेडियल ड्रिल एवढा पसारा आहे. काम बहुतेक सगळं जॉबवर्कच. शिरोलीच्या एका फौंड्रीचं, म्हणजे लोखंड वितळवून ओतणाऱ्या कारखान्याचं, कास्टिंग (साच्यातून निघालेला कच्चा नग) आमच्याकडं चलनावर येतं, आम्ही मशीनिंग करून परत देतो, नगावर पैसे मिळतात. बरीच वर्षं संबंध आहेत, माणसं चांगली आहेत, पैसे उशिरा येतात पण बुडत नाहीत.

आता झालंय असं की त्या फौंड्रीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, पंप बनवणारी कंपनी, त्यांनी सांगितलंय की इथून पुढं रॉ कास्टिंग घेणार नाही, पूर्ण मशीन केलेलं, हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबानं गळती तपासणं) झालेलं, पेंट मारलेलं, थेट असेंब्लीवर चढवता येईल असंच पाहिजे आणि एकाच सप्लायरकडून पाहिजे. फौंड्रीकडं मशीन नाहीत आणि माझ्याकडं भट्टी नाही. म्हणून फौंड्रीवाले काका म्हणतात आपण दोघं मिळून वेगळी कंपनी काढू, निम्मं तुझं निम्मं माझं, ऑर्डर कंपनीच्या नावावर घेऊ.

मला मनातून वाटतंय करावं. पंपाच्या बॉडीचं काम वर्षभर चालणारं आहे, आणि जॉबवर्कवाला म्हणून मी गिऱ्हाइकाच्या गेटच्या आत कधी जात नाही, माझं नावही त्यांना माहीत नाही. पण वडील म्हणतात भागीदारीचा शेवट कोर्टाच्या पायरीवरच होतो, आपलं जॉबवर्क बरं, काम दिलं पैसे घेतले विषय संपला.

तर विचारायचं एवढंच की ज्यांनी असं खरंच केलंय त्यांना फायदा नक्की कुठं झाला? ऑर्डर मिळते हे कळतंय, त्यापलीकडं काही आहे का? आणि हे करायचं तर एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी), प्रायव्हेट लिमिटेड की साधा करार? माझी बाकीची गिऱ्हाइकं आहेत त्यांचं काय करायचं? आणि बँक म्हणे दोघांच्या सह्या मागते, त्यात घर अडकतं का? जाणकारांनी सांगा, अगदी मनापासून विचारतोय.

---

मिरजेची_भट्टी

मी फौंड्रीच्या बाजूनं लिहितो म्हणजे तुम्हाला दुसरी बाजू कळेल. आमचं एका मशीन शॉपबरोबर व्हॉल्व्ह बॉडीसाठी असंच जमलेलं आहे आणि चाललेलं आहे.

ऑर्डर मिळते हा फायदा सगळे सांगतात पण माझ्या मते तो दोन नंबरचा. एक नंबरचा फायदा असा की फौंड्री किलोवर पैसे घेते आणि मशीनवाला नगावर घेतो, आणि या दोन हिशोबांची तोंडं विरुद्ध दिशेला असतात. समजा बॉडी 22 किलोची आहे आणि मशीनिंग अलाउन्स, म्हणजे नंतर कापून काढायचा जादा थर, सगळीकडं 4 एमएम ठेवलाय. तुम्हाला व्हीएमसीवर दिसतंय की 2.5 एमएममध्ये सहज निघेल, उगाच दोन कट मारावे लागतात, इन्सर्ट (कापणारी पाती) झिजतात, सायकल टाइम वाढतो. पण तुम्ही हे फौंड्रीला सांगता का? सांगितलं तरी फौंड्री पॅटर्नला (ज्यावरून साचा बनतो त्या नमुन्याला) हात लावते का? वजन एक किलो कमी झालं की 90 रुपये किलोनं फौंड्रीची विक्रीच 90 रुपयांनी कमी होते, मग कोण कशाला पॅटर्न दुरुस्त करेल. वर गिऱ्हाइकाला ते एक किलो लोखंड विकत घेऊन चुऱ्यात घालवायचं आहे हे माहीतच नसतं.

आम्ही एकत्र बसलो तेव्हा पहिलं काम हेच केलं. भाव किलोवरचा बंद, तयार नगाचा एकच भाव. त्या दिवसापासून वजन कमी करण्यात दोघांचा फायदा व्हायला लागला. एक टन लोखंड वितळवायला इंडक्शन भट्टीला साधारण 600 युनिट लागतात, म्हणजे नगामागं किलोभर वाचला तर विजेचंही बिल कमी, तिकडं तुमचा एक कट कमी. गिऱ्हाइकाला भाव थोडा उतरवून दिला तरी आमच्या हातात पहिल्यापेक्षा जास्त राहिलं. हे जॉबवर्कमध्ये होऊच शकत नाही, कितीही चांगली माणसं असली तरी.

दुसरी गोष्ट ब्लो होलची, म्हणजे कास्टिंगच्या आत हवेनं पडलेल्या भोकाची. तुम्हाला वेगळं सांगायला नको. बॉडी तीन ऑपरेशन होऊन चौथ्याला येते, शेवटचा बोअर मारताना आत वाटाण्याएवढं भोक दिसतं. नग गेला. फौंड्री म्हणते दुसरं कास्टिंग फुकट देतो. मशीनवाला म्हणतो माझ्या तीन ऑपरेशनचे पैसे कोण देणार. डेबिट नोट निघते, ती कोणी मान्य करत नाही, महिनाअखेरीला बिलातून कापतात आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. सगळा वेळ कोणाची चूक हे ठरवण्यात जातो आणि भोक का पडतंय हे शोधायला कोणी रिकामं नसतं. आमच्याकडं एकत्र झाल्यावर मशीन शॉपच्या पोरानंच सुचवलं की ज्या भिंतीत भोकं सापडतात तीच भिंत पहिल्या सेटिंगला उघडी करू. फिक्श्चर (नग पकडणारी चौकट) बदललं, ऑपरेशनचा क्रम फिरवला. आता खराब नग पहिल्या दहा मिनिटांत कळतो, तीन ऑपरेशनची मजुरी वाया जात नाही, आणि नग त्याच दिवशी भट्टीवर परत येतो म्हणजे आमच्या मोल्डरला त्याच दिवसाच्या वाळूचं मॉइश्चर आठवत असतं, व्हेंट (साच्यातून हवा जायची वाट) कुठं कमी पडलं ते बघता येतं. आधी ते नग महिन्यानं परत यायचे, तेव्हा कोणाला काय आठवणार.

आणि बोरिंगचं, म्हणजे मशीनिंगमधून निघणाऱ्या लोखंडी चुऱ्याचं. तो जॉबवर्कमध्ये कोणाचा यावर किती भांडणं होतात बघा. एकत्र असलं की कोरडा चुरा वेगळा ठेवून थोडा थोडा भट्टीत परत घेता येतो. कूलंट लागलेला नाही चालत हां, तो वेगळा.

बाकी करार वगैरे सीए लोक सांगतील. मला विचाराल तर करा, पण फक्त त्या पंपाच्या बॉडीपुरतं करा. सगळा धंदा एकत्र करू नका.

---

सीए_कराड

दादा, आधी एक गोष्ट स्पष्ट करून घ्या. जॉइंट व्हेंचर नावाचा वेगळा कायदा आपल्याकडं नाही. दोन धंदे एका ठराविक कामासाठी एकत्र येतात, त्याला तुम्ही कुठलंही रूप देऊ शकता आणि रूपाप्रमाणं जबाबदारी बदलते.

सगळ्यात साधं म्हणजे दोन्ही फर्म जशा आहेत तशा ठेवून फक्त करार. ऑर्डर एकानं घ्यायची, दुसऱ्यानं त्याला पुरवायचं, कामाची वाटणी आणि रिजेक्शनची वाटणी लिहून ठेवायची. सुरुवातीला हे सगळ्यात स्वस्त आणि सहज मोडता येणारं. फक्त एक काळजी घ्या, नफा एकत्र गोळा करून मग निम्मा निम्मा वाटत बसलात, खर्च एकत्र, व्यवस्थापन एकत्र, तर इन्कम टॅक्सवाले त्याला असोसिएशन ऑफ पर्सन्स (एओपी) म्हणू शकतात आणि मग त्याचा वेगळा टॅक्स, वेगळं रिटर्न मागं लागतं. 2016 साली सीबीडीटीनं (प्रत्यक्ष कर मंडळानं) यावर एक परिपत्रक काढलं होतं (क्रमांक 7), ते मोठ्या ईपीसी (डिझाइन ते उभारणी एकत्र) कंत्राटांसाठी होतं पण त्यातून कल्पना येते: प्रत्येकानं आपापलं काम आपल्या साधनांनी, आपल्या जोखमीवर केलं, नफातोटा आपापला ठेवला तर एओपी धरत नाहीत. म्हणून करारात भाव ठरवा, नफ्याची टक्केवारी नको.

दुसरं, साधी भागीदारी, 1932 चा कायदा. एकाच कामापुरती भागीदारीही त्यात बसते, कलम 8. पण कलम 25 वाचा, फर्मच्या देण्याला प्रत्येक भागीदार एकत्र आणि एकेकटाही जबाबदार. म्हणजे काकांनी फर्मच्या नावावर काही उचललं तर वसुली तुमच्याकडूनही पूर्ण होऊ शकते. आणि भागीदारी करायचीच तर रजिस्टर करा, नाहीतर कलम 69 प्रमाणं कराराच्या पैशासाठी फर्मला तिसऱ्यावर दावाच लावता येत नाही. गावाकडं निम्म्या भागीदाऱ्या नोटरी केलेल्या डीडवर चालतात आणि पार्टी पैसे द्यायला नाही म्हणाली की मग धावत येतात.

तिसरं एलएलपी, 2008 चा कायदा. तुमच्या केसला, काम वाढलं तर, मला हेच बरं वाटतं. जबाबदारी गुंतवणुकीपुरती, एक भागीदार वारला तरी एलएलपी चालू राहते (साध्या भागीदारीत डीडमध्ये वेगळं लिहिलं नसेल तर मृत्यूनं फर्म संपते). ऑडिट उलाढाल 40 लाखांच्या वर किंवा भांडवल 25 लाखांच्या वर गेलं तरच. पण फॉर्म 11 दरवर्षी 30 मे आणि फॉर्म 8 दरवर्षी 30 ऑक्टोबरपर्यंत भरायचेच, एक रुपयाचा धंदा झाला नसला तरी. एलएलपी करार 30 दिवसांत फाइल करायचा असतो, आणि लोक काय करतात तर नेटवरचा छापील नमुना टाकून मोकळे होतात. तुमचं सगळं संरक्षण त्या करारातच आहे. पैसे खर्च करायचे असतील तर तिथं करा.

मशीन एलएलपीत टाकू नका. मालमत्ता भांडवल म्हणून आत घातली की कॅपिटल गेनचा आणि जीएसटीचा प्रश्न येतो, आणि उद्या वेगळं व्हायचं तर मशीन बाहेर काढणं अजून अवघड. एलएलपीनं काकांकडून कास्टिंग विकत घ्यावं, तुम्हाला जॉबवर्क द्यावं, दोन्ही ठरलेल्या भावानं. एलएलपीच्या स्वतःच्या मालकीचं फक्त पॅटर्न, फिक्श्चर, गेज आणि हायड्रो टेस्टचा सेटअप. बाकी गिऱ्हाइकांचं तुम्ही विचारलंत, ती तुमच्या जुन्या फर्ममध्येच राहतात, फक्त करारात लिहा की एकत्र काम या या पार्ट नंबरांपुरतंच आहे आणि त्याबाहेर दोघंही मोकळे.

नव्या एलएलपीचा तोटाही सांगतो. मोठी कंपनी व्हेंडर करून घेताना तीन वर्षांचे ताळेबंद मागते, नव्याकडं काहीच नसतं. म्हणून बऱ्याच जागी पहिलं वर्ष फौंड्रीच्या जुन्या नावावर करार पद्धतीनं करतात आणि मग गिऱ्हाइकाशी बोलून एलएलपीला व्हेंडर कोड घेतात. एलएलपीचं उद्यम रजिस्ट्रेशनही (छोटा उद्योग म्हणून सरकारी नोंद) वेगळं काढावं लागतं, तुमच्या दोघांचं चालत नाही. ते काढाच, कारण सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंद असली की लेखी करार असला तरी पेमेंट 45 दिवसांच्या आत द्यावं लागतं, उशीर केला तर आरबीआयच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं महिन्याला चक्रवाढ व्याज, आणि इन्कम टॅक्सच्या 1961 च्या कायद्यातल्या 43बी(एच) मुळं पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत त्या कंपनीला तो खर्च टॅक्समध्ये धरता येत नाही. 43बी(एच) आल्यापासून मोठ्या कंपन्यांचे अकाउंटवाले स्वतःहून फोन करून उद्यम सर्टिफिकेट मागतात.

आणि निम्मं निम्मं. ऐकायला गोड आहे पण दोघांचं पटलं नाही तर निर्णय घेणारा तिसरा कोणीच नसतो. मॅकडॉनल्ड्सची उत्तर भारतातली कंपनी पन्नास-पन्नास होती, 1995 पासूनची, 2013 ला बिनसलं आणि मिटायला 2019 उजाडलं. तुम्ही 51-49 करा असं मी म्हणत नाही, पन्नास-पन्नास ठेवा पण अडलं तर काय हे लिहा: आधी कोणाला तरी मध्यस्थ बसवायचं, मग लवाद, आणि तरी नाही जमलं तर एकानं भाव सांगायचा आणि त्याच भावाला दुसऱ्यानं घ्यायचं किंवा विकायचं. असं असलं की भाव सांगणारा वाजवीच सांगतो.

---

उद्यमनगरचा_जुना

मी विरुद्ध बाजूनं बोलतो, राग मानू नका. तुमच्या वडिलांचं म्हणणं एकदम बरोबर आहे.

चाळीस वर्षं उद्यमनगर बघतोय. फौंड्रीवाल्याला मशीनिंग कळेपर्यंत तुम्ही पाहिजे असता. एकदा फिक्श्चर कसं बसवायचं, सायकल टाइम किती, इन्सर्ट कुठला, प्रोग्रॅम काय हे त्याला कळलं की तो दोन व्हीएमसी स्वतः घेतो. भट्टीवाल्याकडं जागा असते, पॉवर कनेक्शन मोठं असतं, बँकेत पत असते. मग तुमची भागीदारी कशावर राहते? हिरो होंडा बघा, 1984 ला सुरू, 2010 ला वेगळं व्हायचं ठरलं, ज्याला जे पाहिजे होतं ते मिळालं की प्रत्येकजण आपल्या वाटेनं गेला. मोठ्यांचं असं, तर आपलं काय.

त्यापेक्षा काकांकडून दोन वर्षांचा लेखी रेट करार घ्या, महिन्याला किमान इतके नग देणारच अशी हमी घ्या, आणि झोपा शांत.

---

मिरजेची_भट्टी

उद्यमनगरवाले काका, तुमचा अनुभव मोठा आहे, पण हिरो होंडाचंच उदाहरण घेतलं तर ते सव्वीस वर्षं चाललं आणि त्यातून हिरो देशातली सगळ्यात मोठी दुचाकी कंपनी झाली. एकत्र येण्याचा शेवट वेगळं होण्यात झाला म्हणून ते वाया गेलं असं कसं म्हणायचं. आपल्या पुण्यात किर्लोस्कर कमिन्स 1962 पासून, पुढं किर्लोस्कर बाहेर पडले, पण त्या एकत्र येण्यामुळं आजूबाजूला इंजिनाचे पार्ट बनवणारे कितीतरी छोटे सप्लायर उभे राहिले.

आणि फौंड्री स्वतः मशीन घेईल म्हणता, तर ती जॉबवर्क देत असतानाही घेऊ शकते, उलट तेव्हा तिला अडवणारं काहीच नसतं. करारात लिहा की या पार्टचं मशीनिंग इतकी वर्षं एलएलपीतूनच होईल. किमान नगांची हमी मात्र मला पटली, ती जरूर घ्या.

---

बँकेत_होतो

आता निवृत्त आहे, बरीच वर्षं एसएमई कर्जाच्या टेबलावर होतो म्हणून घराच्या प्रश्नाचं उत्तर देतो.

एलएलपी असली तरी बँक भागीदारांची वैयक्तिक हमी घेतेच घेते. एलएलपीत जबाबदारी मर्यादित आहे हे बाकी देणेकऱ्यांच्या बाबतीत, तुम्ही बँकेला वेगळी हमी सही करून दिलीत की त्या रकमेपुरतं ते संरक्षण संपलं. आणि हमीत दोघं एकत्र आणि एकेकटे जबाबदार असतात, म्हणजे बँक जो सहज सापडेल, ज्याच्याकडं मालमत्ता आहे, त्याच्याकडं आधी जाते. निम्मा हिस्सा म्हणून निम्मं कर्ज असं नसतं बाळा. हे लोकांना कर्ज थकून एनपीए झाल्यावर कळतं.

घर वाचवायचं असेल तर कर्ज सीजीटीएमएसई या सरकारी हमी योजनेत बसवून मागा. तारण न घेता सूक्ष्म-लघु उद्योगांना कर्ज, आणि हमीची मर्यादा 1 एप्रिल 2025 पासून 10 कोटी झालीय, तुमच्या कामाला भरपूर पुरते. वैयक्तिक हमी त्यातही राहते पण घराचं गहाणखत लागत नाही. मॅनेजर टाळाटाळ करतो कारण त्याला घर गहाण घेणं सोपं वाटतं, लेखी अर्ज द्या.

दुसरं म्हणजे कर्ज कमीच लागेल असं बघा. पंप कंपनी मोठी असेल, 250 कोटींच्या वर उलाढाल, तर ती ट्रेड्सवर (बिलांवर पैसे मिळवून देणारा ऑनलाइन मंच) नोंदलेली असणं बंधनकारक आहे. तुमचं बिल तिनं तिथं मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात, पैसे दोनचार दिवसांत खात्यात, आणि कंपनीनं नंतर पैसे दिले नाहीत तरी तुमच्यावर परत येत नाहीत. जॉबवर्कवाल्याला हे बहुतेक मिळत नाही कारण त्याचं बिल फौंड्रीवर असतं, मोठ्या कंपनीवर नसतं. आता बिल थेट मोठ्या नावावर निघणार, ही पत एकट्यानं कमवायला दहा वर्षं लागतात. एकत्र येण्याचा मला दिसणारा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे.

सही करण्याआधी काकांची कागदं बघायला लाजू नका. दोन वर्षांचे 3बी (जीएसटीचं महिन्याचं रिटर्न), बँकेचं स्टेटमेंट, त्यांचा स्टॉक कुठल्या बँकेकडं हायपोथिकेटेड (तारण) आहे ते. त्यांनी बिलं जीएसटी रिटर्नमध्ये दाखवली नाहीत किंवा टॅक्स भरला नाही तर एलएलपीचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) अडकेल, बिलं दाखवली का ते 2बी या जीएसटीच्या तक्त्यात दर महिन्याला दिसतं. तुमचीही कागदं त्यांना दाखवा, म्हणजे वाईट वाटणार नाही. आणि खात्यावर दोघांच्या सह्या, नेट बँकिंगलाही मेकर (व्यवहार भरणारा) एक आणि चेकर (मंजूर करणारा) दुसरा.

---

रत्नागिरी_पल्प

इंजिनिअरिंगमधलं मला काही कळत नाही, आमचं आंब्याच्या पल्पचं कॅनिंग आहे, पण एक मुद्दा कोणी बोललं नाही म्हणून लिहिते.

आमचं युनिट एप्रिल ते जून दिवसरात्र चालतं आणि बाकी वर्ष बॉयलर, रिटॉर्ट सगळं झाकून ठेवलेलं असतं. मुंबईच्या एका वितरकाबरोबर आम्ही कोकम आणि आवळ्याच्या मालासाठी एकत्र आलो, त्यांचं मार्केट आणि आमचं रिकामं पडलेलं युनिट. त्यामुळं हंगाम संपल्यावरही बायकांना काम राहिलं, नाहीतर पावसाळ्यात चांगल्या हातांच्या बायका दुसरीकडं निघून जायच्या आणि पुढच्या वर्षी पुन्हा नव्यांना शिकवायचं. दादा, तुमच्याकडंही बघा, रात्रपाळी रिकामी असेल तर त्या मशीनचा हप्ता तर चालूच आहे ना.

पण माझा मुद्दा नावाचा आहे. बाटलीवर बनवणार कोण आणि विकणार कोण दोन्ही छापतो, दोन्हीचे एफएसएसएआय नंबर. पण ब्रँडचं नाव कोणाचं? ते ट्रेडमार्कला ज्याच्या नावावर नोंदवाल त्याचं, एकदा नोंदलं की दहा वर्षं आणि पुढं वाढवता येतं. आम्ही सुरुवातीलाच ठरवलं की नाव दोघांच्या फर्मचं आणि वेगळं झालो तर कोणीच वापरायचं नाही. तुमच्याकडं ब्रँड नसेल पण तसंच काहीतरी असेलच, ड्रॉइंग, प्रोग्रॅम, व्हेंडर कोड. ते मोडताना कोणाकडं जाणार हे आत्ता गोडीत असताना लिहा. आणि आम्ही आधी एक हंगाम फक्त एका मालावर केलं, मग वाढवलं. तेवढ्या काळात माणूस कळतो, विशेषतः माल परत आल्यावर कसा वागतो ते.

---

गोकुळशिरगावकर

सगळ्यांचे खरंच मनापासून आभार, इतकं कोणी बसून लिहील असं वाटलं नव्हतं. आज वडिलांना सगळं वाचून दाखवलं. अलाउन्सचा मुद्दा आला तेव्हा ते एकदम म्हणाले की हे तर मी वीस वर्षं बघतोय, 4 एमएम कशाला ठेवतात, पण आपल्याला कोण विचारतंय. आणि बँकेत_होतो साहेबांचं 2बी चं वाचून त्यांनी स्वतःच काकांना फोन लावला, उद्या दोघं चहाला बसणार आहेत.

आमचं साधारण असं ठरतंय. पहिलं वर्ष एलएलपी नाही, फक्त करार, ऑर्डर फौंड्रीच्या नावावर, पण माझं नाव मशीनिंग पार्टनर म्हणून गिऱ्हाइकाच्या कंट्रोल प्लॅनमध्ये (नग कोण, कसा बनवतो आणि तपासतो याचा कागद) जाणार आणि ऑडिटला मी हजर राहणार, हे काकांनी मान्य केलंय. पंप बॉडीचे चारच पार्ट नंबर. महिन्याला किमान नगांची हमी. वर्षानं दोघांना पटलं तर एलएलपी.

एक शंका राहिली, रिजेक्शनचं कलम नक्की कसं लिहायचं? सीए_कराड म्हणतात नफा वाटू नका, मग खराब नगाचा खर्च कसा वाटायचा? मिरजेवाले तुम्ही काय लिहिलंय ते सांगता येईल का?

---

सीए_कराड

खर्चाची जबाबदारी नगाच्या दोषावर ठरवा, टक्केवारीवर नाही, म्हणजे एओपीचा प्रश्न येत नाही. प्रत्येकजण आपल्या कामाची जोखीम घेतोय असं दिसलं पाहिजे. नेमके शब्द मिरजेवाले देतील ते माझ्याकडं पाठवा, बघून देतो, फी नको.

---

मिरजेची_भट्टी

देतो की. आमच्या करारातलं आहे तसंच टाकतो, तुमच्या पार्टप्रमाणं बदला.

"कास्टिंगचा दोष (ब्लो होल, सँड इन्क्लुजन, शिफ्ट, हार्ड स्पॉट) पहिल्या सेटिंगमध्ये आढळल्यास फौंड्री बदली कास्टिंग देईल, मशीनिंगची मजुरी लागू नाही. दुसऱ्या सेटिंगनंतर आढळल्यास फौंड्री बदली कास्टिंग देईल आणि तोपर्यंत झालेल्या ऑपरेशनचा परिशिष्टात दिलेला निम्मा दर देईल. मशीनिंगचा दोष (अंडरसाइज, टूल मार्क, चुकीचा ऑफसेट) आढळल्यास मशीन शॉप कास्टिंगची किंमत वजा चुऱ्याची किंमत देईल. दोषाचा प्रकार दोन्हीकडील एकेक माणूस नग समोर ठेवून 48 तासांत ठरवेल, मतभेद झाल्यास नग कापून बघितला जाईल आणि कापण्याचा खर्च ज्याचा दोष निघेल त्याच्याकडं राहील."

दुसऱ्या सेटिंगनंतर निम्मा दर का, तर पूर्ण दर दिला की मशीनवाला क्रम बदलायच्या भानगडीत पडत नाही आणि काहीच दिलं नाही की फौंड्री व्हेंटकडं बघत नाही. निम्म्यावर दोघंही हलतात. परिशिष्टात प्रत्येक ऑपरेशनचा दर वेगळा लिहा, एकत्र नको. आणि हायड्रो टेस्टला लीक निघालेला नग यात कुठं धरायचा ते आधीच ठरवा, कारण तो सगळ्यात महाग असतो आणि सगळी ऑपरेशनं झाल्यावरच कळतो. आम्ही तो 60-40 धरलाय, 60 फौंड्रीकडं. काकांना हे उद्या चहाला विचारा, ते पहिलं हेच विचारतील.